पाणी किती वाजता येतं?

लालबागच्या माणसाला कॅराव्हॅन दाखवायला नेऊ नये. तो चपला बाहेर काढून आत शिरतो, एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे बघतो आणि निकाल देतो, "खोली चांगली आहे. मोरी लहान आहे." मग एका रात्रीचं भाडं ऐकतो आणि शांतपणे विचारतो, "यात पागडी धरली का?"

आमच्या मामांनी हे सगळं केलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला जागा नव्हती. गाडीवाला एकेक सोय मोठ्या अभिमानाने दाखवत होता. हा पलंग दिवसा भिंतीला मिटतो. मामांचा पलंग त्यांच्या लग्नापासून मिटतोय. हे वर सामानाचे कप्पे. मामा म्हणाले, "माळा." हा पडदा ओढला की झालं न्हाणीघर. मामी म्हणाल्या, "आमचा पडदा तरी फुलाफुलांचा आहे." गाडी वीस फूट लांब, सात फूट रुंद, म्हणजे १४० चौरस फूट. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या, तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आईबाप, चार पोरं, गिरणीत चिकटवायला गावाहून आणलेला पुतण्या आणि भाद्रपदात गणपती, एवढे सगळे मावले. इथे वीस चौरस फूट जागा कमी, गणपतीची सोय नाही, आणि याला सरकार पर्यटन म्हणतं. २०२१ साली महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. गिरणगावाने ते शंभर वर्षं आधीच राबवलं होतं, फक्त चाकं लावायची राहिली.

गाडी ठरवली होती माझ्या मावसभावाने. तो राहतो परळला, मामांच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर आणि जमिनीपासून एकतीस मजल्यांवर. तिथे पूर्वी गिरणी होती, आता लॉबी आहे. त्याच्या न्हाणीघरात 'रेन शॉवर' नावाचं एक प्रकरण आहे. छताला ताटाएवढी चकती, आणि कळ फिरवली की तिच्यातून पाऊस. चार महिने छत्री घेऊन पळणाऱ्या मुंबईच्या माणसाला घरात पाऊस पाडायला वेगळे पैसे का मोजावेसे वाटतात, हे मामांना अजून कळलेलं नाही. त्यांनी एकदाच तिथे अंघोळ केली. बाहेर येऊन म्हणाले, "हात कुठे पुरवायचा तेच समजेना. पाणी सगळीकडे पडतं, लागतं तिथे सोडून."

तर मुक्काम ठरला कोलाडच्या पुढे, कुंडलिका नदीच्या काठी. मुंबई-गोवा महामार्गाविषयी मी काही लिहिणार नाही. तो विषय विनोदी लेखाचा राहिलेला नाही. निघताना गाडीवाल्याने शेवटची सूचना दिली. टाकीत १०० लिटर पाणी आहे. ते तोंड धुवायला, चहाला, भांड्यांना. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर लागतं, म्हणजे एक माणूस नीट न्हायला की टाकी संपली. "तेव्हा अंघोळीला नदी आहेच."

मावसभावाचा चेहरा पडला. "नदीचं पाणी? अंगावर?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "मग आजवर कशाने करत होतास?"

पेणपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, कारण प्रश्न रास्त होता.

माझे आजोबा गिरगावात फणसवाडीत राहायचे. सकाळी बंबाखाली करवंट्या पेटवून पाणी तापवायचे, घंगाळात विसण घालायचे, आणि पहिला तांब्या अंगावर घेताना सात नद्यांना बोलवायचे. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी. सातही जणींनी गिरगावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीत, तीन फूट बाय तीन फुटांत, एकाच वेळी यावं अशी आजोबांची रोजची अपेक्षा असायची. त्यांपैकी कुणी आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घंगाळात पडायचं ते हँगिंग गार्डनच्या हिरवळीखालच्या जलाशयातलं, म्हणजे तानसा-वैतरणेचं पाणी. या दोघींची नावं यादीत नव्हती. वैतरणा तर गोदावरीची शेजारीण, दोघी त्र्यंबकच्या डोंगरातल्या. गोदावरी पूर्वेला गेली आणि मंत्रात पोचली, वैतरणा पश्चिमेला आली आणि गिरगावात पोचली. आजोबांचा रोजचा नमस्कार मात्र गोदावरीलाच. शेजारणीला नुसतं बिल.

मुंबईला पाणी देणारे तलावही सातच, हा योगायोग आजोबांना सांगायचा राहिला. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. आपण त्यांना तलाव म्हणतो म्हणून ते सोवळ्यात बसतात, पण त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वाहत्या पाण्याला आडवा घातलेला बांध आहे. पहिला विहार, १८६०चा. तो कुठल्या नदीवर बांधला? मिठी नदीवर. होय, तीच. जिचं नाव आज काढलं तरी माणूस खिडकीच्या काचा वर करतो आणि २६ जुलै २००५चा पूर आठवतो, त्या मिठीच्या पाण्याने मुंबईच्या नळाच्या अंघोळीचा श्रीगणेशा झाला. मामांनी हे सांगितल्यावर मावसभावाने सॅनिटायझर काढून हात चोळले. दीडशे वर्षांपूर्वीच्या अंघोळीवर सॅनिटायझर चालतं की नाही, ते त्याचं त्याला माहीत.

पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. मग १९५७ मध्ये मोडकसागर, ज्याला पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांचं नाव आहे. धरणाला इंजिनियरचं नाव देण्याची ती पद्धत चांगली होती, निदान बांधणाऱ्याला तरी रात्री झोपताना काळजी वाटत असेल. भातसा सगळ्यांत मोठं, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी तिथलं. आणि भातसेचं पाणी तर धरणातून थेट पाइपात जातच नाही. ते सरळ नदीत सोडतात, नदी ते वाहत वाहत पिसे गावापर्यंत आणते, तिथे बंधारा घालून उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते परळच्या एकतिसाव्या मजल्यावर चकतीतून पाऊस होऊन पडतं. नदीत राजरोस न्हाऊन निघालेलं पाणी अंगावर घेणारा माणूस कोलाडला निघताना विचारतो, नदीचं पाणी अंगावर कसं घ्यायचं!

मुंबईकराला आपल्या नद्या तोंडओळखीच्याही नाहीत, पण त्यांचे आकडे तोंडपाठ. जून कोरडा गेला की वर्तमानपत्रात चौकट येते, सात तलावांत मिळून इतके टक्के. दादरच्या हॉटेलात दोन अनोळखी माणसं चहा पिताना त्यावर बोलतात. "तुळशी भरला." "तुळशीचं काय घेऊन बसलात, भातसा बघा." सातही तलाव काठोकाठ भरले तर सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी होतं, आणि मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पुरवठा होतो, हा भागाकार सहावीतल्या पोराला नसेल जमत, पण पाणीकपातीच्या दिवसांत तो गॅलरीतली कुठलीही बाई तोंडी करून देते. ज्या शहापूर तालुक्यातून यातलं बरंच पाणी निघतं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हेही त्याच वर्तमानपत्रात असतं. ते आतल्या पानावर असतं.

आता कुंडलिकेवर येतो.

पहाटे साडेचारला मामा उठून बसले. गजर लावलेला नव्हता. लालबागला त्या वेळी पाणी येतं, आणि ज्या माणसाने सारा जन्म साडेचारला पिंपाखाली नळी लावली, त्याची झोप सुट्टी मागत नाही. सवयीने त्यांनी कॅराव्हॅनचा नळ उघडून बघितला, बंद केला आणि बादली घेऊन बाहेर पडले. मीही मागे गेलो. फटफटलं तेव्हा आम्ही नदीकाठी उभे होतो. नदी होती, पण दगडच जास्त. मधल्या खळग्यांतून घोटाभर पाणी इकडून तिकडे चाललं होतं. वाळूवर एक गाववाला दात घासत उभा होता. मामा त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी जन्मभर ज्याला त्याला विचारलेला प्रश्न विचारला.

"पाणी किती वाजता येतं?"

नदीच्या काठावर उभं राहून हा प्रश्न विचारायला माणूस लालबागचाच पाहिजे. मी ओशाळून दुसरीकडे बघू लागलो. गाववाला हसला नाही. त्याने चूळ भरली आणि सांगितलं, "वर साडेसातला सुटतं. आपल्याकडं यायला आठ वाजतात."

"जातं किती वाजता?"

"दुपारपोत असतं."

"आणि प्रेशर?"

"होड्या व्हावून नेतं की."

मामा इतके प्रसन्न झालेले मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितले नव्हते. सगळं जग सारखंच आहे याचा पुरावा त्यांना मिळाला होता. सोयरीक ठरवताना त्यांनी मुलीच्या बापाला हेच तीन प्रश्न विचारले होते. मुलीचं शिक्षण वगैरे मामींनी विचारलं.

गाववाल्याचं खरंच होतं. मुळशी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडतात, तिथे ते जनित्रं फिरवतं आणि वीज करून मोकळं झालं की कुंडलिकेत येतं. कोलाडला राफ्टिंग सकाळीच का करतात, याचं कारण हेच. उन्हाळ्यातसुद्धा तिथे होड्या चालतात त्या पावसाच्या पाण्यावर नव्हे, भिऱ्याच्या ड्यूटीवर. मामांचं गाव चिपळूणकडचं, तिथे कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं, म्हणून त्यांना यात नवल वाटलं नाही. त्यांना आवडलं ते वेळापत्रक. नदी, पण नळाच्या शिस्तीची.

भिऱ्याचं केंद्र १९२७चं. टाटांच्या खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तीन केंद्रांच्या विजेवर परळ-लालबागच्या गिरण्यांचे पट्टे फिरले. मामांचे वडील ज्या साच्यावर उभे राहिले तो फिरवणारं पाणी हेच, हे मी मामांना सांगितलं. त्यांनी घोटाभर पाण्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग बोनस द्यायला पाहिजे होता."

पण खरी मजा पुढे आहे. मुळशी धरण मुळा नदीवर. मुळा मूळची पूर्वेला जाणारी. पुण्याला मुठेला भेटायची, मग दोघी मिळून भीमेला, आणि भीमा जायची पंढरपूरला, जिथे ती चंद्रभागा होते. मधेच बांध घालून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं आणि घाटाखाली ढकललं. म्हणजे कुंडलिकेत सकाळी आठला येणारं पाणी खरं तर पंढरीला निघालेलं होतं, वाटेत त्याला नोकरी लागली. मामी माळकरी. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं, मला दोनदा नकाशा काढून दाखवायला लावला, आणि जाहीर केलं, "म्हणजे हे चंद्रभागेचंच स्नान की. आषाढीला गर्दीत कशाला जायचं मग?" मामा म्हणाले, "जायचं. इथे विठोबा नाही." हा वाद अजून मिटलेला नाही.

या पाण्यासाठी मुळशी पेट्यातली गावं गेली. १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि त्यात पुढे असलेले पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते तिथूनच. धरण झालंच. सेनापतींचं नाव आपण दादर-परळच्या एका लांबलचक रस्त्याला दिलं. त्या रस्त्याचं जुनं नाव तुळशी पाइप रोड, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारा पाइप त्याच वाटेने आला. धरणाशी भांडलेल्या माणसाचं नाव धरणाच्या पाइपावर! पाटी लावणाऱ्याच्या हे ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. टॅक्सीवाला अजून तुळशी पाइपच म्हणतो.

आठ वाजता पाणी आलं. आधी आवाज, मग दगड एकेक करून दिसेनासे झाले, आणि बघता बघता आमच्यासमोर खरी नदी. मामा ओरडले, "पाणी आलं!" त्या आरोळीत असं काही होतं की कॅराव्हॅनमधून मामी, मावसभाऊ आणि वहिनी असे तिघेही हातात भांडी घेऊन धावत बाहेर आले. मावसभावाच्या हातात कॉफीचा मग होता. एकतीस मजले चढून गेला तरी लालबागचं रक्त.

मावसभावाने मग आपलं यंत्र काढलं. बारा व्होल्टचा पंप बादलीत सोडायचा, त्याला नळी, नळीला शॉवरचं तोंड, आणि वायर गाडीच्या बॅटरीला. परदेशात कॅराव्हॅनवाले असंच करतात म्हणे. पंप सुरू झाला, शॉवरमधून झकास फवारा आला, मावसभावाने डोक्याला शाम्पू लावला, आणि फवारा गेला. पंपाने नदीतलं शेवाळ आणि बारीक रेती मनापासून ओढून घेतली होती. मावसभाऊ डोळे मिटून, डोक्यावर फेस घेऊन, बॅटरीला शिव्या देत उभा. मामांनी विचारलं, "तांब्या देऊ?" तो म्हणाला, "थांबा, होईल सुरू." फेस वाळला. तेव्हा त्याने हात पुढे केला.

मामांची पद्धत मात्र बघण्यासारखी होती आणि ती मी जवळून बघितली. पाणी भरायला ते काठाच्या वर चालत गेले, जिथे म्हशी उतरतात त्याच्या वरच्या अंगाला. पाणी चढत असताना पात्रात पाऊल टाकायचं नाही हे त्यांनी गाववाल्याला विचारून घेतलं होतं, म्हणून काठच्या खडकावर बसून बादली बुडवली. दोन बादल्या गाडीजवळ आणून ठेवल्या. पिशवीतून तुरटीचा खडा काढला. दाढी झाल्यावर गालाला लावतात तोच, कागदात गुंडाळलेला. तो दोरीला बांधून पाण्यात चार-पाच वेढे फिरवला आणि बादल्यांवर ताट झाकून अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही. गढूळपणा तळाशी बसला. मग धुवट पंचा चौपदरी करून रिकाम्या बादलीच्या तोंडाला बांधला आणि वरचं पाणी हलक्या हाताने त्यातून ओतलं. तळचं चार बोटं गाळाचं पाणी फेकलं. गावाकडे हेच काम निवळीच्या बीने करतात, मडक्याला आतून घासून. मामी मधेच बजावत होत्या, "तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तोंडात घेऊ नका. पायाला जखम असेल त्याने लांब राहा." मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोची भीती आणि डॉक्सीसायक्लिनची गोळी दोन्ही परिचयाची, त्यामुळे सगळ्यांनी आपापली पावलं उलटीपालटी करून तपासली.

तपेलीभर पाणी गॅसवर उकळलं, ते बादलीत मिसळलं. सोळा लिटरची बादली. मामा उघड्यावर पाटावर बसले, पंचा नेसून. पहिला तांब्या पायांवर, दुसरा गुडघ्यांवर, तिसरा खांद्यांवर. डोकं सगळ्यात शेवटी. आधी डोक्यावर घेतलं तर थंडीने माणूस आखडतो आणि मग घाईत पाणी जास्त लागतं, असं त्यांचं शास्त्र. तीन तांब्यांत अंग ओलं. मग साबण, आणि साबण लावताना पाणी बंद. इथेच शॉवर हरतो. शॉवरखालचा माणूस कान घासतो तेव्हाही पाणी वाहत असतं, आणि तो आयुष्याचा विचार करत उभा राहिला तरी वाहतच असतं. तांब्याने अंघोळ करणाऱ्याला विचार करायला सवड नसते, कारण बाहेर पुढचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून खाकरत असतो. सात तांब्यांत साबण गेला, दोन डोक्यावर, आणि बादलीत चार बोटं पाणी शिल्लक. त्यात मामांनी पंचा खळबळून पिळला. मग बादली उपडी घातली. चाळीत बादली उपडी घालणं ही सही असते, माझं झालं, पुढचा या.

साबणाचं पाणी नदीत जाऊ नये म्हणून ते नदीपासून शंभर पावलांवर बसले होते. मावसभावाने त्यांना एका परदेशी व्हिडिओत दाखवलं की कॅराव्हॅनवाल्यांचा नियमही हाच, नदीपासून दोनशे फूट. मामा म्हणाले, "आमच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी राहतं, हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे."

बायकांच्या अंघोळीची वेळ झाली तेव्हा कॅराव्हॅनची खरी परीक्षा होती. न्हाणीघराचा पडदा अपुरा. मामींनी दारात उभं राहून फक्त दोन शब्द उच्चारले, "बाहेर बसा." लालबाग-परळमधल्या पुरुषांच्या कित्येक पिढ्या या दोन शब्दांवर उठून गॅलरीत गेल्या आहेत आणि कालचं वर्तमानपत्र परत वाचून आल्या आहेत. मराठी माणसाला राजकारण एवढं कसं कळतं, असं विचारतात. घरातली बाई अंघोळीला बसली की त्याला दुसरं काम नसतं. मामा, मी आणि मावसभाऊ गाडीकडे पाठ करून रांगेत बसलो. मावसभावाला हा प्रकार नवा होता. त्याच्या घरी तीन न्हाणीघरं, कुणी कुणाला बाहेर काढत नाही, त्यामुळे कुणी कुणाशी बोलतही नाही. त्या पाऊण तासात तो मामांशी जितकं बोलला तितकं आधीच्या कित्येक दिवाळ्यांत बोलला नसेल. विषय अर्थात पाणी. मामांनी त्याला सांगितलं की चाळीत पाण्याचा खरा राजा नगरसेवक नव्हे, पालिकेचा चावीवाला. तो रस्त्यातलं झाकण उघडून लांब चावी फिरवतो तेव्हा गल्लीत सकाळ होते.

मावसभावाने विचारलं, "आमच्या टॉवरला पाणी किती वाजता येतं?"

मामा म्हणाले, "तुला माहीत नाही?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. आपल्या घरात पाणी केव्हा येतं हे माहीत नसलेला माणूस मामांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी त्याच्याकडे ज्या करुणेने बघितलं, तसं ते गिरणी बंद पडलेल्या दोस्तांकडे बघायचे.

कॅराव्हॅनविषयी माझं मत विचाराल तर वाईट नाही, पण तिच्यात शॉवर बसवणाऱ्याने चाळीत आठवडाभर राहून बघायला हवं होतं. तेवढ्याच जागेत एक पाट, एक कट्टा, कोपऱ्यात पिंप आणि खुंटीला तांब्या बसला असता, आणि १०० लिटरमध्ये सहा माणसं स्वच्छ न्हायली असती. सहा सोळं शहाण्णव. चहाला चार लिटर उरतं.

तुम्ही जाणार असाल तर बादली घरून न्या, कडी पक्की असलेली. तुरटीचा खडा आणि जुना पंचा बरोबर असू द्या. साबण नदीत उतरून लावू नका. आणि पाणी किती वाजता सुटतं ते आदल्या संध्याकाळीच गावात विचारा, कारण भिऱ्याहून पाणी सुटतं तेव्हा पात्रात कोण उभा आहे हे बघायला तिथे चावीवाला नसतो.